दिव्याची वायर कापू नका, दिवा का पेटतो ते बघा



पहाटे जेटीवर उभ्या असलेल्या मोटारसायकली एकदा नीट बघा. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या, मागे मासळीचा क्रेट, त्यातून खारं पाणी इंजिनावर ठिबकतंय. यातल्या किती गाड्यांचा न्यूट्रलचा हिरवा दिवा खरं बोलतो? विचारलं की उत्तर ठरलेलं: "तो कायमच पेटलेला असतो हो, त्याच्याकडे कोण बघतो!"

आमचं मत असं की इथेच चुकतंय. गेल्या हंगामात आमच्याच एका घरातल्या पोरानं हिरवा दिवा बघून क्लच सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. गाडीनं उडी घेतली ती थेट जेटीच्या कडेला, दोर बांधायच्या खांबाला अडली म्हणून पोरगा वाचला. मासळी पाण्यात गेली, त्याचं काही नाही. पण मोठ्यांना दिवा खोटा आहे हे ठाऊक होतं, पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

दोष शोधायला मोठा मेकॅनिक लागत नाही. जुन्या गाड्यांत या दिव्याला चावीतून करंट मिळतो आणि गिअरबॉक्सवरच्या छोट्या स्विचकडे एकच वायर जाते. गाडी न्यूट्रलला आली की स्विच ती वायर इंजिनाच्या बॉडीला जोडतो, अर्थ मिळतो, दिवा लागतो. म्हणजे ती वायर वाटेत कुठेही सोलून बॉडीला टेकली तरी दिवा लागणारच. बऱ्याच गाड्यांत ती डाव्या बाजूला चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटजवळून जाते. तिथे चिखल, ग्रीस आणि मीठ साचतं.

इंजिन बंद, चावी चालू, गाडी गिअरमध्ये ठेवा. स्विचवरची वायर काढा. दिवा विझला तर स्विच खराब. तरीही पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. हाताने चाचपत वर जा, सोललेली जागा सापडेल. उलट, दिवा कधीच लागत नसेल तर तीच काढलेली वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. लागला तर दोष स्विचचा, नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा तुटलेली वायर. सगळेच दिवे मिणमिणत असतील तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. तांब्यावर हिरवा गंज दिसला की ती जागा घासून साफ करा, जोड घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा.

आता बोटमालकांना दोन शब्द. इंजिनाचा ऑइलचा दिवाही बहुधा असाच एका वायरीवर चालतो, फक्त ऑइलचा दाब चढला की तो विझतो. म्हणून न्यूट्रलचा दिवा कायम पेटलेला असणं धोक्याचं, तसा ऑइलचा दिवा कधीच न पेटणं धोक्याचं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो लागलाच पाहिजे. चालू इंजिनावर लागला तर वायर तपासत बसू नका, आधी इंजिन बंद करा, ऑइलची पट्टी बघा. कटकट नको म्हणून वायर कापणारे तांडेल आम्ही पाहिलेत. दिवा गप्प केला म्हणून दाब वाढत नाही, आणि दर्यात मेकॅनिक मिळत नाही.

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस आपण जाळी शिवतो, बोट रंगवतो. त्यातली एक सकाळ या दिव्यांना द्या. घरातल्या पोरांना सोबत बसवा, वायर त्यांच्या हातात द्या. आणि ज्या गाडीचा दिवा अजून खोटा आहे तिची चावी पोराच्या हाती देऊ नका.