झडप बदलली, तरी हृदयाकडे लक्ष हवेच

हृदयाची झडप बदलून दहा-बारा वर्षे लोटली, की घरातील मंडळी तो विषय मागे टाकतात. मग कधी जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पावलांवर सूज दिसते आणि सारे म्हणतात, "आता वय झाले." या एका वाक्यामुळे रुग्ण दवाखान्यात किती उशिरा पोहोचतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

हृदयाला चार झडपा असतात. शस्त्रक्रियेत बहुधा एकच बदलली जाते. आपल्याकडील अनेक ज्येष्ठांची डावीकडील मायट्रल झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली असते. ती बदलली तरी इतकी वर्षे वाढीव दाब सोसलेली उजवीकडील ट्रायकस्पिड झडप पुढे गळू शकते. त्यामुळे पायांवर सूज येते, पोट जड वाटते. उतारवयात महाधमनीच्या झडपेवर चुना साचून ती अरुंद होते. मग श्रमाने धाप लागते, छातीत दुखते, भोवळ येते. म्हणून नवी तक्रार उद्भवली म्हणजे पहिली शस्त्रक्रिया फसली, असे समजू नये.

बसवलेल्या झडपेचीही काळजी घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतींपासून केलेली झडप साधारण दहा ते पंधरा वर्षांत झिजू लागते. धातूची झडप दीर्घकाळ टिकते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली भारतीय झडप 1990 पासून रुग्णांना बसवली जात आहे. परंतु अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर तपासावा लागतो. मायट्रल जागी धातूची झडप असल्यास तो बहुधा 2.5 ते 3.5 दरम्यान ठेवतात. आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या शेजारी घेतात म्हणून आपण घेऊ नयेत. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंदावला आणि धाप वाढली, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा शौच काळे झाले, तर रात्र उलटू देऊ नये. तडक रुग्णालय गाठावे. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर मनाने प्रतिजैविक सुरू करू नये. झडपेला जंतुसंसर्ग झाला असल्यास आधी रक्ताचे कल्चर होणे आवश्यक असते. दात काढण्यापूर्वीही दंतवैद्यांना झडपेविषयी अवश्य सांगावे.

सेवा करणाऱ्यांनी एक वही ठेवावी. तारीख, सकाळचे वजन, गोळीचा डोस आणि आयएनआर एवढे पुरे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते. मेथी, पालक बंद करू नयेत. प्रमाण मात्र रोज सारखे ठेवावे. वेदनाशामक गोळी किंवा काढा विचारल्याखेरीज देऊ नये.

"पुन्हा छाती उघडणार का?" ही भीती स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी तसे करावे लागत नाही. काहींची गळती लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी आटोक्यात राहते. ऊतींची झडप झिजली असेल, तर योग्य रुग्णांत मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप आत बसवता येते. दुसऱ्या शस्त्रक्रियेतील धोका पहिलीपेक्षा अधिक असतो हे खरे; पण हृदय थकल्यावर तो आणखी वाढतो.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा: कोणती झडप बिघडली, किती बिघडली आणि थांबलो तर काय होईल? उत्तरे समजून घेऊन एखाद्या ज्येष्ठाने शस्त्रक्रिया नको म्हटले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. घरच्यांनी त्याचा मान राखावा. मात्र "वय झाले" म्हणून तपासणीच न करणे, हा निर्णय नव्हे. दम लागू लागला असेल, तर याच आठवड्यात इको करून घ्यावा.