तुमचा रिपोर्ट कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहे?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आरोग्य विभागाने नमुने घेतले, आयसीएमआरचे पथक आले. ते आवश्यकच होते. पण बातमीसोबत रुग्णांचे चेहरेही देशभर फिरले. डॉक्टरला डोके दाखवणे वेगळे आणि तेच डोके चेहऱ्यासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणे वेगळे. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले, फोटो मात्र कोणालाच परत बोलावता येणार नाहीत.

माहिती फुटली म्हटले की आपल्याला हॅकर आठवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम कागदावर चालवावे लागले, हे खरे. पण डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट, त्यात एचआयव्हीचेही, इंटरनेटवर उघडे सापडले, तेव्हा कोणाला कुलूप तोडावे लागले नव्हते. कुलूपच नव्हते.

धामणगाव बढेसारख्या गावात तर एवढेही लागत नाही. आजीकडे साधा फोन, म्हणून रिपोर्ट शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर येतो. तपासणीच्या खोलीत पुढचे तीन पेशंट उभे असतात. संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा!

"लपवायचे काय त्यात?" असे अनेक जण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे. बोभाट्याची भीती असलेला माणूस खोकला लपवतो, टीबीचे किमान सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडतो. मग आजार घरात पसरतो. टीबीची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना बंधनकारक आहे, पण ती उपचारासाठी असते, गावाला कळवण्यासाठी नव्हे.

कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडता, संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती नीट न जपणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण कायदा येईपर्यंत थांबू नका. एवढे करा:

- रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवायचा, हे लॅबला तुम्हीच सांगा. शक्य असेल तर कागदावर घ्या.
- नाजूक विषय असेल तर "डॉक्टर, एकट्याने बोलायचे आहे" असे बिनधास्त म्हणा.
- आभा कार्ड ऐच्छिक आहे. काढले असेल तर त्याचा १४ अंकी नंबर जपा आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.
- दुसऱ्याचा रिपोर्ट किंवा दवाखान्यातला फोटो ग्रुपवर आला, तर पुढे पाठवू नका.

आम्हा डॉक्टरांचे कामही तेवढेच स्पष्ट आहे: दार लावून तपासणे, कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवणे आणि पेशंटचा आजार चहाच्या टपरीवर न बोलणे. तुमचा डॉक्टर हे पाळत नसेल, तर त्याला विचारा. तो तुमचा हक्क आहे.