कोवळ्या बुद्धीचा विद्यापीठप्रवेश : दार उघडले, पण मूल टिकेल कसे?



आपल्या वस्तीत एखाद्या घरी असे एखादे मूल असतेच. थोरल्या भावाची पुस्तके ते त्याच्या आधी वाचून संपवते; गुरुजींनी फळ्यावर मांडलेले गणित फळा पुसला जाण्यापूर्वी तोंडी सोडवते. शेजारीपाजारी कौतुक करतात, आईचे डोळे भरून येतात, आणि बापाच्या मनात मात्र रात्री एक प्रश्न उभा राहतो : या पोराला पुढे न्यायचे तर खरे, पण न्यायचे कशाच्या बळावर? आजचा लेख त्या बापासाठी आहे.

तल्लख मुलाला वयाची अट शिथिल करून विद्यापीठात लवकर घ्यावे की न घ्यावे, यावर विद्वान मंडळी पुष्कळ वाद घालतात. माझ्या मते वादाचा खरा विषय तो नाही. घेतल्यानंतर त्याच्या अन्नाचा, निवासाचा, पुस्तकांचा खर्च अखेरच्या परीक्षेपर्यंत कोण सोसणार, आणि ते मूल तेथे देहाने व मनाने कसे टिकणार, हा खरा विषय होय. प्रवेश हा एका दिवसाचा सोहळा असतो. शिक्षण हे अनेक वर्षांचे व्रत असते. सोहळ्याला देणगीदार पुष्कळ मिळतात. व्रताला फार थोडे.

ही गोष्ट आपल्याला दूर जाऊन शिकावी लागत नाही. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. विद्यापीठात ते कोवळ्या वयात गेले असे नव्हे. परंतु परक्याच्या द्रव्यावर शिकणाऱ्याची अडचण त्यांच्याइतकी कोणी अनुभवली असेल? बी. ए. साठी श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या अटीवर. हे औदार्य मोठेच. पण मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. ज्या बडोद्याची सेवा करण्यास ते बांधलेले होते, त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना! १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते प्राध्यापकाच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचा हात यांच्या आधारावर. सारांश असा की, शिष्यवृत्तीची मुदत विद्येच्या मुदतीपेक्षा आखूड असेल, तर विद्वानालाही वाटेत उतरावे लागते. आणि करारात सेवेची अट असली पण माणसाला राहण्याची जागा नसली, तर तो करार एका बाजूचाच ठरतो.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील काळ्या जनतेच्या प्रश्नाशी आपला प्रश्न किती निकटचा आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते, आणि १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्रही लिहिले होते. अल्पवयीन बुद्धिमंतांना विद्यापीठाने कसे पोसावे, याचा मोठा प्रयोग त्याच देशात झाला, आणि काळ्या मुलांच्या वाट्याला त्यातून काय आले हे आपण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

१९४४ साली युद्धभरतीमुळे अटलांटा येथील मोअरहाऊस महाविद्यालयाचे वर्ग ओस पडू लागले. बेंजामिन मेज हे तेथील अध्यक्ष. शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष शिल्लक असलेल्या मुलांनाही परीक्षा घेऊन प्रवेश द्यावा असे ठरले. त्या दारातून पंधरा वर्षांचा एक मुलगा आत आला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो दूर कनेक्टिकटमधील तंबाखूच्या शेतात इतर विद्यार्थ्यांबरोबर राबला होता, कारण फीचे पैसे त्या मजुरीतून उभे करण्याची सोय महाविद्यालयाने लावून दिली होती. प्रवेशानंतर ध्यानात आले की, या मुलाचे वाचन जेमतेम आठवीच्या इयत्तेचे आहे! काळ्यांच्या शाळांना सरकार जे तुटपुंजे देत असे, त्याचेच ते फळ. महाविद्यालयाने त्याला परत पाठवले नाही. त्याची उणीव भरून काढली. १९४८ साली एकोणिसाव्या वर्षी तो पदवीधर झाला. विचार करा, "तयारी कच्ची आहे" असे म्हणून त्याला दारातूनच परतवले असते तर? बुद्धी कमी असणे आणि शाळा कमी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मुलांच्या बाबतीत हा घोटाळा नित्य होतो.

पुढे १९५१ साली फोर्ड प्रतिष्ठानच्या शिक्षणविषयक निधीने बारा महाविद्यालयांना व विद्यापीठांना हाताशी धरून, साडेसोळा वर्षांखालील हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देऊन लवकर प्रवेश देण्याचा उपक्रम आरंभिला. शिकागो, कोलंबिया, येल अशा नामांकित संस्थांबरोबर त्यात काळ्यांची दोन महाविद्यालये होती : नॅशव्हिलचे फिस्क आणि वर उल्लेखिलेले मोअरहाऊस. फिस्कमध्ये डेव्हिड लेव्हरिंग लुइस हा मुलगा चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर आला व १९५६ साली पदवीधर झाला. फिस्कचेच जुने विद्यार्थी असलेल्या डुबॉइस यांचे दोन खंडांचे चरित्र पुढे त्याने लिहिले, आणि दोन्ही खंडांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. मोअरहाऊसमध्ये मिसिसिपीतील वॉल्टर मॅसी हा मुलगा दहावीनंतरच आला, पदार्थविज्ञान शिकला, आणि १९९१ साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा संचालक झाला. १९९५ साली तो त्याच मोअरहाऊसचा अध्यक्ष होऊन परतला. त्याच्यावर कोणताही दहा वर्षांचा करार नव्हता. ज्या घराने आपल्याला सांभाळले तेथे माणूस आपण होऊन परततो.

"लवकर गेलेले मूल कोमेजते" असा आक्षेप तेव्हाही घेतला जात असे. १९५७ साली या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही मुले अभ्यासात आपल्या वयस्क सोबत्यांच्या मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली, आणि बहुतेकांनी नव्या जीवनाशी जुळवून घेतले, असे त्यात दिसून आले. असे असूनही बाहेरचा निधी आटल्यावर अनेक ठिकाणी हा प्रघात ओसरला. प्रयोग फसला म्हणून तो थांबला नाही. पैसा दुसऱ्याचा होता म्हणून थांबला. हा धडा आपण मनावर कोरून ठेवावा.

आणखी एक चरित्र पाहू. ते थोडे कडू आहे. जे. अर्नेस्ट विल्किन्स हा काळा मुलगा १९३६ साली वयाच्या तेराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात दाखल झाला आणि १९४२ साली एकोणिसाव्या वर्षी गणिताचा डॉक्टर झाला. एवढी कीर्ती होऊनही संशोधनाच्या मोठ्या विद्यापीठांनी त्याला अध्यापकाची जागा दिली नाही. युद्धकाळात तो शिकागोच्या अणुसंशोधनात काम करीत असता त्याचा गट टेनेसीतील ओक रिजला हलवण्यात आला. तेथे काळ्यांना वेगळे ठेवण्याचा नियम असल्यामुळे विल्किन्सला जाता येईना. एडवर्ड टेलरसारख्या शास्त्रज्ञाला त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहावे लागले. विद्यापीठाने विद्यार्थी टिकवला. विद्वान टिकवण्याची वेळ आली तेव्हा समाजाने दार लावून घेतले. बडोद्याच्या धर्मशाळेची आठवण कोणाला होणार नाही?

टिकवणे म्हणजे अडकवणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चीनमध्ये हफेई येथील विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने १९७८ साली एकवीस किशोरांचा विशेष वर्ग काढला. त्यातील तेरा वर्षांच्या एका मुलाचा देशभर गाजावाजा झाला. त्याला खगोलशास्त्र शिकण्यासाठी अन्यत्र जायचे होते. परवानगी मिळाली नाही. कोवळ्या वयातच त्याला त्याच संस्थेत अध्यापक करण्यात आले. २००३ साली तो सर्व सोडून भिक्षू झाला. भिक्षू होणे ही काही शोकाची गोष्ट नाही. परंतु एका मुलाच्या इच्छेपेक्षा त्याच्या कीर्तीला अधिक जपले गेले, हा दोष त्या व्यवस्थेकडे राहतोच.

आता आपल्या देशात या. २०१३ साली लखनौच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात तेरा वर्षांच्या एका मुलीला सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम्. एस्सी. वर्गात प्रवेश मिळाला. बाप मोलमजुरी करणारा. मुलीच्या शिक्षणाच्या खर्चासाठी त्याने आपली जमीन २५,००० रुपयांना विकली. वृत्तपत्रांत बातमी झळकल्यावर देणग्या आल्या, विद्यापीठानेही हात दिला. ते योग्यच झाले. पण क्रम ध्यानात घ्या : आधी जमीन गेली, मग बातमी आली, मग मदत आली. ज्या मुलीची बातमी छापून येत नाही तिचे काय? तिच्या बापाकडे विकण्यास जमीनही नसली तर काय?

तेव्हा विद्यापीठांकडे आणि शासनाकडे आपण काय मागावे, ते स्पष्ट शब्दांत मांडतो.

एक : शिष्यवृत्ती अभ्यासक्रमाच्या अखेरीपर्यंतची असावी, आणि तसे प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यावे. पहिल्या वर्षाची माफी ही शिष्यवृत्ती नव्हे.

दोन : फी आणि निर्वाह हे दोन वेगळे खर्च आहेत हे मान्य व्हावे. महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना काढली, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरवले. तत्त्व योग्य आहे. परंतु मुलाला भूक रोज लागते. निर्वाहाचा पैसा महिन्याच्या आरंभी हाती पडला पाहिजे, वर्षाच्या शेवटी नव्हे.

तीन : निवास आणि सोबत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांच्या तरुणांत एकटे सोडणे हा निर्दयपणा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९७७ पासून अशा मुलांसाठी योजना चालते. तेथे त्यांना आधी एक वर्ष तयारीच्या वर्गात एकत्र बसवतात, म्हणजे विद्यापीठात पाऊल टाकताना बरोबरीचे सोबती मिळालेले असतात. एकट्या मुलाला घेऊ नये. चार मुलांना घ्यावे.

चार : पडण्याची मुभा. मेनार्ड जॅक्सन हा मुलगा फोर्ड शिष्यवृत्तीवर चौदाव्या वर्षी मोअरहाऊसमध्ये गेला व अठराव्या वर्षी पदवीधर झाला. पुढे बॉस्टनला कायद्याचा अभ्यास जमला नाही. काही काळ त्याने ज्ञानकोश विकले. १९६४ साली दुसऱ्या विद्यापीठातून तो कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडला, आणि १९७३ साली अटलांटाचा पहिला काळा महापौर निवडून आला. एका नापासाबरोबर शिष्यवृत्ती बंद करणारे नियम असे किती महापौर गमावत असतील!

पाच : शिक्षण संपल्यावर पात्रतेप्रमाणे अध्यापनाची व संशोधनाची जागा. ती न दिल्यास आधीचा सारा खर्च पाण्यात जातो.

परंतु मागणी करून आपले काम संपत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने सुरू झाली, हे खरे. तरी धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले, हेही तितकेच खरे. दुसऱ्याच्या यादीत आपले नाव असते तोवरच आपले मूल शिकते, ही स्थिती स्वाभिमानी समाजाला शोभत नाही. प्रत्येक वस्तीत एक छोटा विद्यानिधी असावा. लग्नाच्या मांडवाचा आणि मिरवणुकीच्या वाजंत्रीचा काही भाग त्यात पडावा, त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, आणि त्यातून सरकारी पैसा येईपर्यंतची मधली तूट भरून निघावी. जमीन विकण्याची पाळी त्या तुटीमुळेच येते.

शेवटी आई-बापांना दोन शब्द. तुमचे मूल हुशार असेल तर त्याला व्यासपीठावर उभे करून पाढे म्हणावयास लावू नका. ते मूल आहे, तमाशा नव्हे. त्याला खेळू द्या. लवकर जायचे की नाही हे त्यालाही विचारा. ते "अजून नको" म्हणाले तर ऐका, दोन वर्षांनी काही बिघडत नाही. आणि हुशार मूल मुलगी असेल, तर "तिला एवढे शिकवून काय करायचे" हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार करा.

त्या बापाने रात्री जो प्रश्न स्वतःला विचारला, तो त्याने एकट्याने सोडवावयाचा नाही. येत्या बैठकीत तो सर्वांपुढे मांडा. आपल्या वस्तीतील त्या एका मुलाचे नाव घ्या, त्याच्या शिक्षणाची वर्षे मोजा, आणि शेवटच्या वर्षाचे पैसे कोठून येणार हे आधी ठरवा. पहिल्या वर्षाचे कसेही जमतात.