उपदेशकाची भाकरी

आपल्या धर्मग्रामांत प्रवचने ऐकवत नाहीत, ही भाविकांची तक्रार आता उघडपणे कानी येते. आम्हा धर्मगुरूंचे तीवरील उपाय ठरलेले आहेत: वक्तृत्वाचे शिबिर, दाखल्यांचे पुस्तक, चांगला ध्वनिक्षेपक. आमच्या मते ही सारी ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत आहे. दोष जिभेचा कमी, जिण्याचा अधिक आहे.

साताऱ्याकडे पाहावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, म्हणून आम्ही कॅथलिकांनी त्यांच्यापासून शिकू नये काय? १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, शिवाय कवी म्हणून महाराष्ट्रभर मान्यता. वाणीची त्यांना काय वाण होती? तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान होते. १९१९ मध्ये ते निवर्तले. पण उपदेशक कोणाची भाकरी खातो, हा प्रश्न मागे ठेवून गेले.

कोणी म्हणेल, पगार घेणे पाप आहे काय? मुळीच नाही. डॉ. वॉनलेस मिशनचेच डॉक्टर होते. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय हेच त्यांचे सर्वांना उमजणारे प्रवचन ठरले. सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना मान्य केला आहे. मात्र तो हक्क स्वतःसाठी न वापरता त्याने तंबू शिवले. श्रोत्यांचे जिणे उपदेशकाच्या अंगाला लागले आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

माण, खटाव, जत, आटपाडी हा दुष्काळाचा मुलूख. टँकरच्या रांगेत कधी घागर न धरलेल्या धर्मगुरूने तेथे देवाच्या तरतुदीवर विसंबण्याचा उपदेश करावा, हे धाडसच म्हटले पाहिजे. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्येच बजावले. सेमिनरीत आम्ही ईशज्ञान शिकलो; साक्षीदार होणे मात्र श्रोत्यांच्या दारातच शिकावे लागते.

म्हणून आमचे धर्मबंधूंना एकच मागणे आहे. शनिवारी रात्री दाखल्यांचे पुस्तक उघडण्यापूर्वी धर्मग्रामातील एखाद्या गरीब घरी जावे, मिळेल ती भाकरी खावी आणि मुकाट्याने ऐकावे. रविवारी बोलण्यासारखे काही असेल, तर ते तेथेच सापडेल.