तिथि आकाशाची, भीति कोणाची?

लग्नसराई आली कीं मांजरी-हडपसरच्या बाजूस एकच धांदल उडते. मुहूर्ताच्या चार दिवशीं मांडववाला, वाजंत्री, आचारी, कार्यालय, सारेंच महाग; मधल्या दिवशीं त्यांनाच काम नाहीं. मुलीच्या बापाचें कर्ज वाढतें, त्यास ही गर्दीही कारण आहे. तेव्हां हा मुहूर्त येतो कोठून, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं एकदां नीट पाहावें.

पंचांगाचीं अंगें पांच: तिथि, वार, नक्षत्र, योग व करण. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढें सरकला कीं एक तिथि होते. चंद्राची चाल सारखी नसते. म्हणून तिथि कधीं २० तासांत आटोपते, कधीं २६ तासांवर लांबते. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. त्याच्या घटका ६०, घटकेचीं मिनिटें २४, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. बारा चांद्रमासांचे दिवस ३५४, सौरवर्षाचे ३६५; ही तूट भरण्यास अधिक महिना घालतात. २०२३ सालीं अधिक श्रावण आला तो यामुळेंच. हें सारें मोजमाप आहे. सुताराच्या गजाला जसा राग-लोभ नाहीं, तसा यालाही नाहीं.

राग-लोभ पुढें चिकटविला जातो. अर्ध्या तिथीस करण म्हणतात, म्हणजे चंद्राची सहा अंशांची चाल. त्यांतील विष्टि करणास भद्रा म्हणून अशुभ ठरविलें. सहा अंशांनीं कोणाचें काय वाकडें केलें? टिळक पंचांग व इतर पंचांगें यांत नक्षत्रचक्राच्या आरंभाविषयीं सुमारें चार अंशांचा फरक आहे. त्यामुळें कधीं कधीं अधिक महिनाही वेगळा येतो, आणि एकाचा लग्नाचा दिवस दुसऱ्याला वर्ज्य होतो. आकाश तर एकच!

शेतकऱ्याला मृगाची आठवण उपयोगी आहे. सूर्य ७-८ जूनच्या सुमारास त्या नक्षत्रांत येतो, आणि पावसाळ्याची चाहूल लागते. पण पेरणी तारखेवर नव्हे, जमिनीची ओल पाहूनच करावी लागते, हें कोणता शेतकरी जाणत नाहीं?

याच मांजरीच्या शिवारांत जोतीराव फुले यांची शेती होती. १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून त्यांनीं जोशाशिवाय लग्नें लावण्याची वाट घातली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं त्यांचे चिरंजीव यशवंत यांचें लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशीं त्याच रीतीनें झालें. पुढें १९२६ सालीं सी. के. बोले यांच्या विधेयकावरून मुंबईच्या कायदेमंडळानें, न बोलावलेल्या जोशाचा दक्षिणेवरील हक्क काढून टाकला. कायद्यानें दक्षिणा सुटली. मनांतली धास्ती मात्र अजून कित्येक घरीं आहे.

आमचें सांगणें इतकेंच. पंचांग भिंतीवर खुशाल असूं द्या; त्यावर सण मोजा, चांदण्या रात्री मोजा. पण लेकीच्या लग्नाचा दिवस घरची सोय, पाहुण्यांची सवड व पदरचा पैसा पाहून ठरवा. सुगी आटोपल्यावर एखादा मोकळा वार धरा. तेंच कार्यालय व तेच वाजंत्री थोडक्यांत मिळतील, आणि वाचलेला पैसा नव्या जोडप्याच्या संसारास लागेल.