कामाला उशीर, गावाला भुर्दंड

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा १९८३ मधला अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींवर गेला. भूसंपादन रखडले, आराखडे बदलले, भाव चढत गेले. ढोकीसारख्या गावातली शाळाखोली, नालीही याच वाटेने महागते. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून आधी खड्डा घेऊन माती पाहावी, मगच अंदाजपत्रक करावे. जागा ताब्यात नसेल तर कार्यारंभ आदेश देऊ नये. पाया बुजण्याआधीच मोजमाप पुस्तकात नोंद व्हावी. नंतर उकरून कोण बघतो? सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व अभियंत्यांनी अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचून दाखवावे. पैसा गावाचाच आहे. हिशेबही गावानेच मागावा.