राखून ठेवलेले पान

अमळनेरच्या एका व्यापारी घरात गेल्या हिवाळ्यात मुंबईहून आनंदाची वार्ता आली. तेथे नोकरीस असलेल्या मुलाने आईवडिलांच्या विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी एका नामांकित भोजनगृहात जागा मिळविली होती. मोजकीच मेजे, ठरलेल्या दिवशी खुली होणारी नोंदणी, काही मिनिटांत संपणाऱ्या जागा आणि आगाऊ रक्कम. तिसऱ्या प्रयत्नास यश आले होते. वेळ रात्री साडेआठची.

वडिलांनी कौतुकाने ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, माझा चौविहार आहे.”

प्रश्न पैशाचा नव्हता. १९४५ साली जेथे ‘विप्रो’चा वनस्पती तुपाच्या कारखान्याने आरंभ झाला, त्या अमळनेरला भांडवलाचे मोल शिकवावे लागत नाही. प्रश्न घड्याळाचा होता. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि अशा ठिकाणची सायंकाळची पंगत बहुधा त्यानंतरच बसते.

“एक दिवस सूट नाही का घेता येणार?” मुलाने विचारले.

“सूट गिऱ्हाइकाला द्यावी, नियमाला नाही. तुम्ही सगळे जा, माझा राग नाही.”

त्या ‘राग नाही’नेच मुलाची झोप उडाली.

शाकाहाराला आज जगात मान आहे. दुबईतील ‘अवतारा’ या भारतीय शाकाहारी भोजनगृहास २०२३ साली मिशेलिनचा तारा मिळाला. परंतु शाकाहारी म्हणजे जैन नव्हे. एकामागून एक ठरलेले पदार्थ वाढणाऱ्या अशा पंगतीची सिद्धता आधीपासून चालते. कंदमुळे, मध आणि मिष्टान्नातील जिलेटिन चालत नाही, हे जागा राखतानाच सांगणे योग्य. मेजावर बसल्यावर सांगणे हा आचाऱ्यावर अन्याय आहे. दुपारची पंगत असते का, हेही तेव्हाच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

मुलाने दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून हे सर्व विचारले. रात्रीची जागा सोडावी लागली. दहा दिवसांनंतरची दुपार मिळाली. लग्नाची तिथी टळून गेली, वडिलांचा नियम टळला नाही.

जागा राखण्याची ही धडपड ऐकून घरातील आजी हसल्या. “आपल्याकडे उलटे आहे,” त्या म्हणाल्या. “ज्या पाहुण्याची सर्वांत जास्त वाट पाहतो, त्याचे पान राखताच येत नाही.”

साधुसाध्वींच्या गोचरीचे आमंत्रण नसते. त्यांच्यासाठी म्हणून केलेले अन्न त्यांना चालत नाही. गृहस्थाने आपला स्वयंपाक शुद्ध ठेवावा आणि दाराकडे लक्ष असू द्यावे, एवढेच त्याच्या हाती. कौशांबीत भगवान महावीरांचा अभिग्रह पाच महिने पंचवीस दिवसांनी पूर्ण झाला, तो कोणत्या श्रेष्ठीच्या पक्वान्नाने नव्हे, तर बंदिवान चंदनबालेच्या सुपातील उडदाच्या बाकुळ्यांनी. देण्यासारखे तिच्याजवळ तेवढेच होते.

ठरल्या दुपारी चौघे मुंबईत एकत्र जेवले. मुख्य आचारी स्वतः मेजापाशी आला आणि कांदा-बटाट्यावाचून प्रत्येक पदार्थ कसा केला ते सांगत राहिला. वडिलांनी उठून त्याला हात जोडले. बाहेर पडताना मुलाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. सूर्यास्ताला अजून तीन तास होते.